वॉर्साचं जुनं शहर: उभारताना काय ठेवलं, काय गाळलं

राजवाड्यासमोरच्या चौकातून निघून सरळ बार्बिकनच्या वेशीपर्यंत चालत गेलं, तर दहा मिनिटंही लागत नाहीत. पोलंडची राजधानी वॉर्सा, तिचं जुनं शहर एवढंच आहे. मात्र या दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना ज्या भिंती दिसतात, त्यांतल्या बहुतेक १९४९ नंतर उभ्या राहिल्या. शहर युद्धात जमीनदोस्त झालं आणि नंतर जसंच्या तसं पुन्हा बांधलं, एवढं पर्यटकाला सहसा ठाऊक असतं. त्यातला जमीनदोस्त होण्याचा भाग खरा आहे. जसंच्या तसं बांधल्याची गोष्ट तेवढी सरळ नाही, आणि ती कळली की ही पायपीट बरीच वेगळी वाटू लागते.

आधीची सहा शतकं थोडक्यात उरकता येतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस विस्तुला नदीकाठच्या उंचवट्यावर आखीव गल्ल्यांचं गाव वसलं. मध्ये साधारण ९० मीटर लांब आणि ७३ मीटर रुंद बाजारचौक होता. १६०७ च्या आगीत त्यातली बहुतेक लाकडी घरं गेली आणि विटांची आली. दरम्यान राजाने आपला दरबार क्राकोहून इथे हलवला होता. पण राजधानी झाल्यावर पैसेवाले हळूहळू गावाबाहेर प्रशस्त जागी गेले. १८१७ मध्ये बाजारचौकातली नगरपालिकेची इमारत पाडली. एकोणिसाव्या शतकात घरांवर मजले चढले, मागची अंगणं खोल्या बांधून भरून टाकली गेली आणि भाडेकरूंची दाटी झाली. १९०० च्या सुमारास जुनं शहर म्हणजे प्रतिष्ठित माणसाने राहू नये अशी वस्ती होती. तिच्याबद्दलची आपुलकी विसाव्या शतकातली आहे. १९२८ मध्ये चौकातल्या घरांचे दर्शनी भाग कलाकारांकडून रंगवून घेतले गेले आणि तीसच्या दशकात घरांच्या पोटात दडलेली तटबंदी खणून मोकळी करायला सुरुवात झाली. याच काळात तंत्रविद्यापीठातला वास्तुशास्त्राचा एक विभाग विद्यार्थ्यांना फीत घेऊन गल्ल्यांत पाठवत होता. खिडकी किती रुंद, चौकट कशी, जिना कुठून वळतो, सगळं मोजून कागदावर उतरत होतं. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेलं हे काम पुढे किती मोलाचं ठरेल याची तेव्हा कोणाला कल्पना असणं शक्य नव्हतं.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी तोफांच्या माऱ्यात राजवाडा पेटला. जर्मन ताबा आल्यावर त्याच्या भिंतींत सुरुंगासाठी भोकं पाडून ठेवली गेली. प्रत्यक्षात तो उडवला मात्र सप्टेंबर १९४४ मध्ये. त्याआधी १ ऑगस्टला शहरात जर्मनांविरुद्ध उठाव झाला होता आणि जुन्या शहराने महिनाभर झुंज दिली. २ सप्टेंबरला ते पडलं. शेवटच्या दिवसांत काही हजार लढवय्ये क्रासिन्स्की चौकाजवळच्या मॅनहोलमधून गटारात उतरून शहराच्या मध्यभागाकडे निसटले. उठाव मोडल्यावर रहिवाशांना बाहेर काढलं आणि मग जाळपोळीची व सुरुंगांची पथकं रस्त्यामागून रस्ता घेत गेली. लढाईत जे वाचलं होतं त्यातलं पुष्कळ या शांतपणे केलेल्या कामात गेलं. विद्यापीठातल्या मंडळींनी त्याच धामधुमीत मोजमापांचे आराखडे शहराबाहेर काढले आणि प्योत्रकूफ गावच्या एका मठात दडवले. ते सापडले नसते तर पुढची चर्चाच झाली नसती.

१९४५ च्या सुरुवातीला राजधानी वूच शहरात न्यावी असाही विचार होता. इथे ढिगारा तसाच स्मारक म्हणून ठेवा, असं सांगणारे होते. ही जागा नव्या पद्धतीच्या नगररचनेसाठी चालून आलेली संधी मानणारेही होते. तिसरा गट होतं तसं पुन्हा बांधा म्हणत होता, आणि तो तेव्हाच्या तज्ज्ञांच्या सर्वमान्य समजुतीविरुद्ध बोलत होता. जुनी वास्तू जपावी, पण नाहीशी झालेली वास्तू नव्याने बांधून जुनी म्हणून मिरवू नये, हे युरोपातल्या जाणकारांनी अर्धशतक घोकलेलं तत्त्व होतं. स्मारकविभागाची सूत्रं हाती असलेल्या वास्तुतज्ज्ञालाही ते तोंडपाठ होतं. त्याचं म्हणणं असं की, शत्रूने ठरवून, यादी करून एका राष्ट्राच्या खुणा पुसल्या असतील तर शास्त्राचा नियम बाजूला ठेवावा लागतो. हा युक्तिवाद जिंकला. पण तो केवळ युक्तिवाद म्हणून जिंकला असं मानणं भाबडेपणाचं होईल. नव्या कम्युनिस्ट सत्तेला लोकांत फारसा पाया नव्हता. राष्ट्राचं हरवलेलं हृदय परत देणारे आम्हीच, हे तिला दाखवता येणार होतं. ऑक्टोबर १९४५ मध्ये शहरातली सगळी जमीन एका हुकमाने सार्वजनिक मालकीची झाली. त्यामुळे घरमालकांना न विचारता अख्ख्या गल्ल्या आखता आल्या. त्या हुकमाचं बिल कम्युनिस्ट सत्ता गेल्यावर, १९८९ नंतर आलं. वारसांचे दावे, दाव्यांची दलाली आणि २०१६ मध्ये गाजलेला घोटाळा, या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

बांधायचं ठरल्यावर खरा पेच उभा राहिला. जुनं म्हणजे कधीचं? ३१ ऑगस्ट १९३९ च्या संध्याकाळी जे शहर उभं होतं ते, की त्याहून मागचं? याचं उत्तर कोणत्याही एका कागदावर ठराव म्हणून वाचायला मिळत नाही. ते इमारतींत मिळतं. एकोणिसावं शतक गाळलं गेलं. त्या शतकातले चढवलेले मजले पुन्हा चढवले नाहीत. मागची अंगणं मोकळी ठेवली, म्हणून आज बाजारचौकाच्या पाठीमागे हवा खेळते आणि झाडं दिसतात. १९३९ च्या माणसाला ती अंगणं ओळखू आली नसती. तटबंदी दिसावी म्हणून तिला लगटून असलेली घरं बांधलीच नाहीत. भाडेकरूंच्या दाटीची, दमट खोल्यांची, गरीब वस्तीची आठवण दगडविटांत शिल्लक राहू दिली नाही. कारण दोन सांगता येतात आणि दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. अभ्यासकांना सतराव्या-अठराव्या शतकातलं शहर अधिक देखणं, अधिक अस्सल वाटत होतं. सत्तेच्या लेखी एकोणिसावं शतक म्हणजे रशियाच्या झारचं राज्य आणि भाडं उकळणारे भांडवलदार.

सर्वांत ठळक उदाहरण सेंट जॉनच्या कॅथेड्रलचं. युद्धाआधी त्याचा दर्शनी भाग इंग्रजी गॉथिक धाटणीचा होता, १८३६ ते १८४२ दरम्यान केलेला. कित्येक पिढ्यांनी तोच पाहिला होता, छायाचित्रांतही तोच आहे. युद्धानंतर तो परत न आणता साध्या विटांचा, पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळता होत जाणारा, मध्ययुगीन वळणाचा दर्शनी भाग बांधला. असा मुखवटा पूर्वी नेमका कसा होता याचे पुरावे अगदी तुटपुंजे होते. म्हणजे ज्याचे ढीगभर पुरावे होते ते टाकलं आणि ज्याचे नव्हते ते उभारलं. मला ही गोष्ट खटकते, तरी ती इमारत त्या गल्लीत शोभते हेही कबूल करावं लागतं. तिथेच द्झेकान्या गल्लीच्या बाजूच्या भिंतीत उठावाच्या काळातल्या जर्मन स्फोटकवाहू चिलखती गाडीच्या लोखंडी पट्ट्याचा तुकडा बसवलेला आहे. पुढे घाईने चौकाकडे जाणाऱ्यांच्या तो नजरेतून सुटतो.

बाजारचौक २२ जुलै १९५३ ला, कम्युनिस्ट पोलंडच्या राष्ट्रीय दिनी, थाटात खुला झाला. घरांवरची चित्रं आणि गिलाव्यात कोरलेली नक्षी जुन्याची नक्कल नाही. ते त्या वेळच्या कलाकारांचं ताजं काम आहे, पन्नासच्या दशकातल्या रेषेचं. दारामागे नव्या आखणीचे फ्लॅट होते. शहराच्या दुसऱ्या भागात त्याच वेळी सोव्हिएत पद्धतीचा उंच सांस्कृतिक प्रासाद चढत होता. दोन्ही एकाच दशकाची अपत्यं, पण एकाला वॉर्साकर नावं ठेवतात आणि दुसऱ्याला जुनं म्हणतात.

इथे एका लाडक्या दंतकथेचा निकाल लावायला हवा. अठराव्या शतकात शेवटच्या राजाच्या पदरी असलेल्या व्हेनिसच्या चित्रकाराने वॉर्साची वीसेक मोठी तैलचित्रं काढली आणि त्यांवरून हे शहर पुन्हा बांधलं, असं जवळजवळ प्रत्येक वाटाड्या सांगतो. चित्रं खरी आहेत आणि त्यांचा उपयोगही झाला. पण ती मुख्यतः राजवाड्याकडून दक्षिणेला जाणाऱ्या राजमार्गाची, महालांची आणि चर्चांची आहेत. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्या आणि बाजारचौक हा त्यांचा विषयच नव्हता. शिवाय हा चित्रकार एखादी इमारत आहे त्यापेक्षा सुबक दाखवायला कचरत नसे. जुन्या शहराला उपयोगी पडले ते विद्यार्थ्यांचे मोजमापाचे कागद, छायाचित्रं आणि ढिगाऱ्यातून वेचलेले कोरीव दगड. कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी धरलेली फीत ही गोष्ट दरबारी चित्रकारापुढे फिकी पडते, म्हणून सांगितली जात नाही.

विटांचाही हिशोब आहे. बार्बिकन ही सोळाव्या शतकातली अर्धगोल वेस १९५२ ते १९५४ मध्ये बांधली, तेव्हा निसा आणि व्रोत्स्वाफ इथल्या पाडलेल्या जुन्या इमारतींच्या विटा आणल्या. ही गावं १९४५ पर्यंत जर्मनीत होती. त्यांच्या जुन्या भिंती उतरवून राजधानीची जुनी भिंत उभी राहिली. ‘सगळं राष्ट्र आपली राजधानी बांधतंय’ ही तेव्हाची घोषणा. त्या गावांत नव्याने वसवलेल्या माणसांना ती कशी ऐकू आली असेल, याची नोंद फलकावर नाही. फलकावर नसलेली आणखी एक गोष्ट काही मिनिटं पश्चिमेला चालल्यावर कळते. युद्धाआधी शहरातला जवळपास प्रत्येक तिसरा माणूस ज्यू होता आणि त्यांतल्या अनेकांची वस्ती तिथे होती. जर्मनांनी ती १९४३ मध्ये सपाट केली. तिच्यासाठी मोजमापाचे कागद कोणी शोधले नाहीत. ढिगाऱ्यावरच, ढिगाऱ्याच्याच मालातून मुरानूफची नवी वसाहत बांधली.

त्याच भागात क्रासिन्स्की बागेच्या कडेला, इटलीतल्या मॉन्ते कासिनोच्या लढाईच्या स्मारकापाशी, मराठी माणसाने थांबावं असं एक ठिकाण आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ दरम्यान सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांच्या आठवणीचं हे स्मारक. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. ही माणसं बहुतांशी पोलंडच्या पूर्वेकडून सोव्हिएतांनी हाकलून नेलेली होती. त्यांची गावं नंतर सीमेपलीकडे गेली. पुन्हा बांधण्याचा प्रश्न तिथे आलाच नाही.

राजवाड्याला मात्र फार वाट पाहावी लागली. १९४९ मध्ये संसदेने ठराव केला. त्याच वर्षी चौकाखालून बोगद्याचा रस्ता गेला आणि त्याला जोडून सोव्हिएत बनावटीचा सरकता जिनाही आला. राजांच्या घराचं काम तेवढं रेंगाळलं. डिसेंबर १९७० च्या दंगली गोळीबाराने शमवल्यावर आलेल्या नव्या नेतृत्वाला काहीतरी सर्वांना आवडेल असं हवं होतं, आणि जानेवारी १९७१ मध्ये घोषणा झाली. खर्च लोकवर्गणीतून, परदेशी गेलेल्या पोलिशांच्या पैशांसह. १९ जुलै १९७४ ला मनोऱ्यावरचं घड्याळ सव्वाअकराला सुरू केलं. १९३९ मध्ये ते त्याच वेळेला थांबलं होतं. दालनं पाहायला मिळायला १९८४ उजाडलं. राजवाड्याच्या दक्षिण कडेला चौकातल्या राजस्तंभाचे मोडके जुने खांब आडवे ठेवले आहेत. सध्या उभा असलेला खांब १९४९ चा, वरचा राजाचा पुतळा जुना. जुनं आणि नवं शेजारी ठेवून उघडपणे दाखवणारी ही जागा.

पोलंडने हे शहर जागतिक वारसा यादीसाठी पुढे केलं तेव्हा तज्ज्ञ अडखळले. तीस वर्षांच्या इमारतींना अस्सल कसं म्हणायचं? प्रस्ताव लांबला आणि १९८० मध्ये मान्य झाला, पण मध्ययुगीन नगर म्हणून नाही. तेराव्या ते विसाव्या शतकापर्यंतचा काळ व्यापणारी जवळपास संपूर्ण पुनर्बांधणी, तिचं दुर्मिळ उदाहरण म्हणून. त्याच सुमारास नियमावलीत अट आली की पुनर्बांधणी चालेल, पण ती पूर्ण आणि तपशीलवार कागदपत्रांवर आधारलेली हवी, अंदाजावर अजिबात नको. कॅथेड्रलकडे पाहिलं की ही अट वॉर्साला काटेकोरपणे लावली नाही हे उघड दिसतं. २०११ मध्ये पुनर्बांधणी कार्यालयाचं दप्तर जागतिक दस्तऐवजांच्या नोंदवहीत गेलं. २०१८ मध्ये युद्ध आणि आपत्तींनंतरच्या पुनर्बांधणीविषयी जी आंतरराष्ट्रीय शिफारसपत्रिका निघाली, ती याच शहराच्या नावाने ओळखली जाते.

वॉर्सात वाद अजून चालूच आहे, फक्त तो दक्षिणेला थोडा सरकला आहे. सॅक्सन महाल १९४४ मध्ये उडवला गेला तेव्हा त्याच्या कमानींचा एक तुकडा उरला आणि त्याखाली अज्ञात सैनिकाची समाधी आहे. २०२१ मध्ये पूर्ण महाल पुन्हा बांधण्याचा कायदा झाला. बाजूने बोलणारे जुन्या शहराचा दाखला देतात. विरोध करणारे विचारतात की तुटक्या कमानी हेच स्मारक असताना ते महालाच्या पोटात घालायचं कशाला.