घास अडकण्याआधीची दहा-वीस वर्षं

भूम तालुक्यातल्या माझ्या मामांनी एका उन्हाळ्यात ज्वारीची भाकरी तुकडा मोडून खाणं सोडलं. "भाकर उतरंना बघ," एवढंच ते मामीला म्हणाले. मामी भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागली. पुढे वरणात कालवलेला मऊ भात आला, मग नुसती पेज. दात गेले असतील, वय झालं, असं घरातल्या सगळ्यांनाच वाटलं. दुर्बीण टाकली तेव्हा अन्ननलिकेत कर्करोगाची गाठ होती आणि ती चांगलीच वाढलेली होती.

अन्ननलिका ही साधारण पंचवीस सेंटिमीटर लांबीची, स्नायूंची लवचिक नळी आहे. ती ताणली जाते, म्हणून आतली जागा बरीच कमी होईपर्यंत माणसाला काही कळत नाही. आधी भाकरी अडते, मग भात, शेवटी पाणी. गाठीला सुरुवात होते ती मात्र घास अडण्याच्या कितीतरी आधी, आणि त्या सुरुवातीत दाह, म्हणजे आतली सूज, आणि संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, या दोघांचा हात असतो.

आधी दाहाविषयी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदमळणी होते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजलेला असतो. तो तुपाने, हळदीने मळतात आणि बैलाला विश्रांती देतात. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. जखम झाली की पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू मारतात, मेलेल्या पेशी साफ करतात, नव्या पेशींना वाढायला सांगतात आणि काम झालं की निघून जातात. पण त्याच खांद्यावर रोज जू चढत राहिलं तर दुरुस्ती कधी पुरी होतच नाही. अन्ननलिकेचं असंच होतं. तंबाखू आणि सुपारीचा गिळलेला रस, दारू, चटका बसेल इतकं गरम पेय, काहींच्या बाबतीत पोटातून वर येणारं आंबट पाणी, यांतलं काही ना काही आतल्या अस्तराला रोज लागत राहतं.

मग पांढऱ्या पेशी तिथेच मुक्काम ठोकतात. जंतू मारण्यासाठी त्या जी तिखट रसायनं सोडतात, त्यांनी शेजारच्या निरोगी पेशींचा डीएनएही तुटतो. त्याच वेळी इंटरल्यूकिन-६ सारखे रासायनिक निरोप सुटतात आणि अस्तराच्या पेशींना सांगत राहतात की वाढा, मरू नका. एकीकडे डीएनएमध्ये चुका पडतायत आणि दुसरीकडे चुकलेल्या पेशीलाच भराभर वाढायला सांगितलं जातंय. दाह आणि कर्करोग यांचं नातं जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशो यांनी १८६३ मध्येच मांडलं होतं. गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसतात, हे त्यांच्या नजरेत भरलं होतं.

आम्लपित्ताबद्दलची एक जुनी समजूतही अलीकडे बदलली. आम्ल अस्तराला वरून भाजत आत जातं, असंच सगळे धरून चालत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ रुग्णांच्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या देखरेखीखाली थांबवल्या आणि अस्तराचे तुकडे तपासले. पांढऱ्या पेशी आधी खोलच्या थरात जमलेल्या दिसल्या आणि वरचा थर अजून शाबूत होता. म्हणजे इजा मुख्यतः आम्लाने भाजून होत नव्हती. आम्ल लागल्यावर पेशींनी जे निरोप धाडले, त्यांनी बोलावलेला दाह ही इजा करत होता. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण नेमकं कुणाला शांत करायचं हे त्यातून कळतं.

आता संप्रेरकं. अन्ननलिकेचा कर्करोग मुख्यतः दोन प्रकारचा. एक सपाट अस्तर-पेशींचा; भारतात हाच जास्त आणि त्याची मुळं तंबाखू, सुपारी, दारूत. दुसरा ग्रंथी-पेशींचा, नळीच्या खालच्या टोकाला होणारा. तो वर्षानुवर्षं आम्ल वर येण्यातून आणि लठ्ठपणातून येतो आणि पाश्चात्त्य देशांत वाढला आहे. हा दुसरा प्रकार बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी पट अधिक आढळतो आणि सिगारेट, वजन, जळजळ यांचा सगळा हिशेब मांडूनही एवढी तफावत भरून निघत नाही. उतारवयात ती कमी होत जाते, म्हणजे पाळी गेल्यावर बायकांचं संरक्षण ओसरताना दिसतं. ज्यांनी मुलांना अंगावर पाजलं त्या बायकांत हा आजार कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. या सगळ्यामुळे संशय इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकावर जातो. हे संप्रेरक दाहाचा जोर आवरतं, आणि प्रयोगशाळेत त्याने या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावलेली दिसली आहे.

पोटावरची चरबीही गप्प बसत नाही. ती लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते, जे पेशींना वाढायला चिथावतं. दाह शमवणारं अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र पोट सुटेल तसं घटत जातं. रक्तातलं इन्शुलिन चढलेलं राहतं आणि तेही वाढीच्याच बाजूचं. पुरुषांची चरबी पोटावर जमते, बायकांची बहुतेक कंबर-मांड्यांवर. तफावतीचा काही भाग इथेही आहे.

पण इस्ट्रोजेन हे काही चिलखत नाही. आपल्याकडे या कर्करोगात स्त्री-पुरुषांमधलं अंतर त्या मानाने पुष्कळ कमी आहे. कारण आपल्याकडचा प्रकार वेगळा, आणि दुसरं कारण आपल्या चुलीपाशीच आहे: मिश्री. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून सकाळ-संध्याकाळ दातांना लावणारी माझी आजी तिला कधी व्यसन म्हणाली नाही. थुंकली तरी थोडी पोटात जातेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्री घरातच भाजली जाते आणि डॉक्टरने "तंबाखू खाता का?" विचारलं तर बाई खरेपणानेच "नाही" म्हणते. विचारताना मिश्रीचं नाव घेऊनच विचारायला हवं.

चहाची भीती फार बाळगू नये. पासष्ट अंशांपेक्षा गरम पेयं कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं. बशीत ओतून प्यायलेला चहा त्याच्या खाली येतो.

दाह शमवून कर्करोग लांबवता येतो का, याचीही परीक्षा झाली. सततच्या आम्लामुळे ज्यांच्या अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदललं आहे, अशा २५५७ रुग्णांवर मुख्यतः ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं प्रयोग चालला. २०१८ मधल्या निष्कर्षांनुसार आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा मोठा डोस आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र घेणाऱ्यांत मृत्यू, कर्करोग किंवा त्याची आदली पायरी उशिरा आली. हे फक्त त्या प्रकारच्या रुग्णांसाठी आहे. मेडिकलमधून आणून कुणी अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये; पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आपल्या भागाला एक आधार आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली आणि तिच्यात भूम आणि परंडा हे आपले तालुके आहेत. तिथले कार्यकर्ते नोंदवही घेऊन दवाखान्यात वाट बघत बसत नाहीत; गावोगाव जातात, लोकांशी बोलतात, लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणतात. मामांच्या घरी तेव्हा कुणी विचारणारं असतं तर उत्तर मामीकडे होतं. भाकरी कुस्करायला कधी लागले, हे तिला महिन्यासकट आठवत होतं.