दुर्मिळातील दुर्मिळ

खुनासारख्या गुन्ह्यात आरोपीला फाशी द्यायची की जन्मठेप, हे ठरवण्यासाठी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी. फाशी रद्द करावी की नाही, हा वाद भारतात बहुतेक वेळा याच दोन शब्दांपाशी येऊन अडतो.

‘बचनसिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात ९ मे १९८० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने फाशी घटनाबाह्य नसल्याचे चार विरुद्ध एक मताने ठरवले. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या बहुमतात होते. मात्र जन्मठेप नियम आणि फाशी अपवाद, गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहायचा आणि तो सुधारण्याची शक्यता नाही हे सरकारने दाखवायचे, अशी चौकट निकालाने आखली. न्या. पी. एन. भगवती यांचे भिन्नमत १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणाच्या गळ्याभोवती दोर पडेल हे समोर कोणते न्यायाधीश बसले आहेत त्यावर ठरते आणि तो बहुधा गरिबाच्याच गळ्यात पडतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप.

चौकट लवकरच सैल झाली. ‘मच्छीसिंग’ खटल्यात (१९८३) समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हादरली का, हा प्रश्न पुढे आला. ती मोजायची कशी, हे मात्र कोणी सांगितले नाही. १९९५ च्या ‘रावजी’ निकालाने तर गुन्हेगाराची परिस्थिती बाजूलाच सारून केवळ गुन्ह्याचे क्रौर्य पाहिले.

याची किंमत नाशिक जिल्ह्यातील एका खटल्यात दिसते. २००३ साली तेथील एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. एकाच कुटुंबातील माणसे मारली गेली, बलात्कारही झाला. भटक्या जमातीतील सहा मजूर आरोपी ठरले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रावजी’चा आधार घेत पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. दोनच आठवड्यांनी, महाराष्ट्रातूनच आलेल्या ‘बरियार’ खटल्यात, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने ‘रावजी’ निकाल बचनसिंगच्या चौकटीशी विसंगत असल्याचे म्हटले. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून ओळखलेली माणसे वेगळीच होती, हे आता न्यायालयाच्या लक्षात आले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. हे सहा जण केवळ दिरंगाईमुळे जिवंत राहिले, ही गोष्ट फाशीच्या समर्थकांनाही सहज झटकता येत नाही.

समर्थकांचा युक्तिवाद अर्थात पोकळ नाही. देशातील परिस्थिती पाहता फाशी रद्द करण्याचा धोका पत्करता येणार नाही, असे कायद्यातील सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने १९६७ मध्ये म्हटले होते. २६/११ च्या हल्ल्यातील अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात फाशी दिली, तेव्हा महाराष्ट्रात विरोधाचे सूर फार क्षीण होते. याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, अहिंसा हा नैतिक आदेश मानणाऱ्या देशाने ही शिक्षा रद्दच करणे योग्य, असे मत मांडले होते. मराठी वादात ते अभावानेच उद्धृत होते.

३० जुलै २०१५ रोजी नागपूर कारागृहात १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील दोषी याकूब मेमनला फाशी झाली. महिन्याभराने न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. आयोगातही त्यावर एकमत नव्हते. शिफारस कागदावरच राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनासाठी फाशी कायम आहे. कलम १०३ मध्ये पाच किंवा अधिक जणांच्या झुंडीने जात, धर्म, भाषा अशा कारणांवरून केलेल्या हत्येसाठीही तिची तरतूद आहे.