लांब पल्ल्यासाठी जुन्या शेव्हेलची ताकद वाढवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे माहितीपत्रक १९७० ते १९७२ या वर्षांतली शेव्हरोले शेव्हेल मालिबू बाळगणाऱ्या, आणि ती प्रदर्शनात उभी करण्याऐवजी कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवर खरोखर चालवणाऱ्या आमच्या गॅरेजच्या मराठी ग्राहकांसाठी आहे. गाडीत ३५० घनइंचाचे इंजिन, दोन बॅरलचा (हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांचा) कार्ब्युरेटर आणि तीन गिअरचे टर्बो हायड्रामॅटिक ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, असे येथे गृहीत धरले आहे. त्याच काळातल्या कमारो आणि नोव्हा गाड्यांत हेच इंजिन येत असल्याने त्यांनाही यातले बहुतेक लागू पडते.

अश्वशक्तीचे आकडे कसे वाचावेत

दोन बॅरलच्या ३५० इंजिनाची ताकद १९७० च्या पत्रकात २५० अश्वशक्ती, तर १९७२ च्या पत्रकात १६५ अश्वशक्ती दिलेली आढळते, आणि त्यामुळे आपली १९७२ ची गाडी फारच दुबळी आहे अशी अनेकांची समजूत होते. यातला मोठा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. पूर्वी इंजिन चाचणीच्या स्टँडवर, एअर फिल्टर, पंखा आणि गाडीचा सायलेन्सर न जोडता मोजत असत. १९७२ पासून हे सर्व जोडून मोजलेला आकडा छापला जाऊ लागला. १९७१ मध्ये कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी या इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते गुणोत्तर) ९ वरून ८.५ वर आणले गेले हेही खरे, पण त्याने झालेली घट तुलनेने थोडी आहे. दुकानदाराने सांगितलेली वाढ कोणत्या पद्धतीने मोजली आहे हे विचारल्याशिवाय ती आपल्या गाडीच्या आकड्यात मिळवू नये.

आधी गिअरिंग, मग इंजिन

समतल रस्त्यावर ताशी ७० मैल वेग टिकवण्यासाठी या इंजिनाच्या क्षमतेचा लहानसा भागच पुरतो. लांबच्या प्रवासात थकवा येतो तो मुख्यतः इंजिनाच्या सततच्या फेऱ्यांमुळे. डिफरन्शियलचे गुणोत्तर (मागच्या चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्समधून येणाऱ्या दांड्याचे फेरे) ३.३१ आणि टायरचा व्यास २६ इंच असेल, तर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते, आणि बे एरियातून लॉस एंजेलिसपर्यंत पाच-सहा तास तोच आवाज कानावर येत राहतो. ०.६७ गुणोत्तराचा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा सर्वांत वरचा गिअर) असलेले चार गिअरचे २००-४आर ऑटोमॅटिक बसवले, तर त्याच वेगाला फेरे सुमारे २,००० वर येतात. ७००आर४ या दुसऱ्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये हे गुणोत्तर ०.७० आहे. मात्र त्याचा पहिला गिअर ३.०६ आणि दुसरा १.६३ असल्याने मधली उडी मोठी पडते, म्हणून सौम्य इंजिनासाठी आमची पसंती २००-४आर ला आहे. त्याची लांबी जुन्या गिअरबॉक्सशी जुळते. खालचा आधार मात्र मागे सरकवावा लागतो.

येथे एक अपवाद आहे. पुष्कळ मालिबू कारखान्यातूनच २.७३ गुणोत्तराच्या डिफरन्शियलसह बाहेर पडल्या. अशा गाडीचे इंजिन ताशी ७० मैलांना आधीच सुमारे २,५०० फेऱ्यांवर असते, आणि नुसता ओव्हरड्राइव्ह जोडल्यास ते १,७०० च्याही खाली जाऊन धडधडू लागते. तेव्हा एकतर गिअरबॉक्स तसाच ठेवावा, किंवा ओव्हरड्राइव्हबरोबर डिफरन्शियलही ३.५५ किंवा ३.७३ चे करावे. दुसऱ्या पर्यायात सिग्नलवरून सुटतानाचा पिकअप इतका सुधारतो, की इंजिनावर खर्च करण्याचा विचार ग्राहक स्वतःच पुढे ढकलतात. यात आमचे मोठे काम बुडते, तरीही सल्ला हाच आहे.

२००-४आर आणि ७००आर४ या दोन्ही ऑटोमॅटिकमध्ये कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे त्यानुसार आतल्या तेलाचा दाब तीच ठरवते. ती ढिली राहिली, किंवा कार्ब्युरेटर बदलल्यावर तिचा कोन चुकला, तर दाब कमी पडून गिअरबॉक्समधले क्लच थोड्याच अंतरात जळतात. ही जोडणी घरी करू नये.

इग्निशन

जुन्या पॉइंटच्या (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यांत्रिक संपर्कांच्या) जागी जनरल मोटर्सच्याच १९७० च्या दशकातल्या एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) पद्धतीचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा भाग, बसवणे हे कमी खर्चातले सर्वांत समाधानकारक काम आहे. त्याला पूर्ण १२ व्होल्ट लागतात, पण पॉइंटसाठी दिलेली मूळ तार मुद्दाम रोध असलेली असते. तिच्यावरच नवा डिस्ट्रिब्युटर जोडला, तर जास्त फेऱ्यांना ठिणगी दुबळी पडते आणि दोष नव्या भागाला दिला जातो. त्यामुळे आम्ही फ्यूज पेटीपासून स्वतंत्र तार ओढतो.

ठिणगीच्या टायमिंगमध्ये व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनाच्या व्हॅक्यूमने नळीतून चालणारी, ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) जोडलेला असणे महामार्गासाठी फार महत्त्वाचे आहे. सावकाश, एका लयीत चालताना सिलिंडरमधले मिश्रण विरळ असते आणि हळू जळते, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. शर्यतीच्या गाड्यांचे अनुकरण करून ही नळी बंद केली, की गाडी तापते आणि पेट्रोलही जास्त जाते.

श्वास मोकळा करणे

यानंतर चार बॅरलचा कार्ब्युरेटर, ड्युअल प्लेन इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांपर्यंत मिश्रण नेणारा, दोन पातळ्यांतल्या वाटांचा भाग) आणि दुहेरी एक्झॉस्ट यांचा संच येतो. ३५० इंजिन ५,००० फेऱ्यांवर मिनिटाला जेमतेम ५०० घनफूट हवा ओढते, त्यामुळे ६०० घनफुटांचा कार्ब्युरेटर पुरेसा आहे. रोचेस्टर क्वाड्राजेटची एकूण क्षमता यापेक्षा जास्त असली, तरी त्याचे पुढचे दोन बॅरल लहान आणि मागचे दोन मोठे असून मागचे गरजेपुरतेच उघडतात. म्हणून नीट दुरुस्त केलेला क्वाड्राजेट नव्या कार्ब्युरेटरच्या बरोबरीने, आणि पेट्रोलच्या बाबतीत अनेकदा सरस चालतो. एक्झॉस्टसाठी सव्वादोन ते अडीच इंची नळ्या आणि त्यांना जोडणारी आडवी नळी एवढे पुरते. हेडर (मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी नळी असलेला संच) बसवल्यास थोडी ताकद वाढते खरी, पण गॅसकेट फुटणे, स्पार्क प्लगपर्यंत हात न पोहोचणे आणि बॉनेटखालची उष्णता वाढणे यांचा विचार करता आम्ही ते आग्रहाने सुचवत नाही.

कॅमशाफ्ट

ग्राहकांशी आमचे सर्वाधिक मतभेद येथेच होतात. उभ्या गाडीचा तो लडखडता, घुमणारा आवाज अनेकांना हवा असतो, आणि मोठा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट, घेतल्याशिवाय तो येत नाही. मात्र मोठा कॅम ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकवतो, कमी फेऱ्यांवरचा टॉर्क (ओढण्याचा जोर) काढून घेतो आणि इनटेकमधला व्हॅक्यूम घटवतो, ज्यावर पॉवर ब्रेक अवलंबून असतात. वर सांगितल्याप्रमाणे ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन २,००० फेऱ्यांवर चालणार असेल, तर असा कॅम नेमका त्याच ठिकाणी झटके देतो. इंटरस्टेट ५ वर ग्रेपव्हाइनचा चढ चढून सुमारे ४,१०० फुटांवरच्या तेहोन खिंडीकडे जाताना कामी येतो तो २,००० ते ४,००० फेऱ्यांमधला टॉर्क. म्हणून ०.०५० इंच उचलीवर (व्हॉल्व्ह उघडे राहण्याचा काळ मोजण्याची प्रचलित रीत) इनटेकसाठी सुमारे २०४ आणि एक्झॉस्टसाठी सुमारे २१४ अंशांपर्यंतचा कॅम आम्ही बसवतो.

कॅम बदलताना टायमिंग चेनचा संचही बदलावा. मूळ कॅम गिअरचे दात नायलॉनचे असत. इतक्या वर्षांनी ते ठिसूळ होऊन तुटतात आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. जुन्या पद्धतीचे सपाट टॅपेट (कॅमवर घासत चालणारे भाग) राहणार असतील, तर पुरेसे झिंक असलेले ऑइलच घालावे, कारण आजच्या गाड्यांसाठीच्या ऑइलमध्ये ते कमी केलेले असते.

सिलिंडर हेड बदलण्याचे काम शेवटी ठेवावे. १९९६ पासूनच्या शेव्हरोले ट्रकमधली व्होर्टेक हेड उत्तम आहेत, पण त्यांना वेगळा इनटेक मॅनिफोल्ड लागतो; आधी घेतलेला जुन्या हेडसाठीचा मॅनिफोल्ड मग वाया जातो. कॅलिफोर्नियात पंपावर मिळणारे प्रीमियम सामान्यतः ९१ ऑक्टेनचे असल्याने, बिडाच्या हेडबरोबर कॉम्प्रेशन साडेनऊच्या वर नेण्यास आमची तयारी नसते.

जोडीची कामे आणि नियम

पुढच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील, तर ताकद वाढवण्याआधी डिस्क ब्रेक बसवून घ्यावेत. याबाबत आम्ही सवलत देत नाही. रेडिएटरच्या पंख्याभोवतीचे आच्छादन पुष्कळ गाड्यांत हरवलेले असते, आणि सेंट्रल व्हॅलीच्या उन्हाळ्यात त्याची उणीव लगेच जाणवते. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोलने खराब होतात, त्या बदलाव्यात.

१९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना या राज्यात दर दोन वर्षांची स्मॉग तपासणी नाही, तरीही मूळ प्रदूषणनियंत्रक भाग काढून टाकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. असे भाग आम्ही काढत नाही, आणि नवे भाग निवडताना राज्याच्या हवा मंडळाची मान्यता असलेल्यांना प्राधान्य देतो.

गाडी आणताना डिफरन्शियलचे गुणोत्तर माहीत नसल्यास चालेल, ते आम्ही मोजतो. टायरचा आकार आणि गाडीवर आजवर झालेल्या कामांच्या पावत्या मात्र सोबत आणाव्यात. कोणतेही काम लेखी अंदाज आणि आपली संमती यांशिवाय सुरू होत नाही. काढलेले मूळ भाग परत हवे असल्यास तसे संमती देतानाच सांगावे. मूळ कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर तरी अवश्य घरी न्यावेत, कारण पुढे गाडी विकताना खरेदीदार त्यांची चौकशी करतात.