ड्रॅग शर्यतीच्या इंजिनात मिथेनॉल इंधन

उभ्या जागेवरून सुटून सरळ धावपट्टीवरचे ठरावीक अंतर, परंपरेने पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर, कमीत कमी वेळात कापणे म्हणजे ड्रॅग शर्यत. अमेरिकेत रुजलेल्या या खेळात ‘अल्कोहोल’ म्हटले की मुख्यतः मिथेनॉल (पिण्याच्या दारूतल्याहून वेगळे, विषारी अल्कोहोल) अभिप्रेत असते. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या ‘टॉप अल्कोहोल’ गटातील सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) लावलेल्या मिथेनॉल गाड्या हे अंतर साडेपाच सेकंदांच्या आत पार करतात.

मिथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता देते, हा समज चुकीचा आहे. एक किलो पेट्रोलपासून सुमारे ४४ मेगाजूल, तर मिथेनॉलपासून जेमतेम २० मेगाजूल ऊर्जा मिळते. मात्र पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर मिथेनॉलला सुमारे ६.४ पट पुरते. त्यामुळे तेवढ्याच हवेत दुपटीहून अधिक इंधन जाळता येते आणि ऊर्जेचा हिशेब जवळपास बरोबरीत येतो. खरा लाभ थंडाव्याचा आहे. वाफ होताना मिथेनॉल इतकी उष्णता शोषून घेते की, इंधनाचे वाढीव प्रमाण धरता, तेवढ्याच हवेमागे पेट्रोलच्या सुमारे सातपट थंडावा मिळतो. सुपरचार्जरने दाबून तापवलेली हवा त्यामुळे निवते, दाट होते आणि इंजिन ‘नॉकिंग’ (मिश्रण अवेळी आपोआप पेटून बसणारे ठोके) न करता जास्त दाब सोसते. दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरची गरज पडत नाही. धाव संपल्यावर इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवर बाहेरून दहिवर जमलेले दिसते.

इंधन मोजण्यासाठी अनेक गाड्यांत यांत्रिक इंजेक्शन वापरतात. इंजिनच्या गतीबरोबर पंपाचा पुरवठा वाढतो आणि जादा इंधन ‘पिल’ नावाच्या छोट्या भोकाच्या जेटमधून टाकीत परत जाते. भोक बारीक केले की परतणारे इंधन कमी होऊन हवा-इंधनाचे मिश्रण समृद्ध, म्हणजे जास्त इंधनाचे, होते. हवा उष्ण किंवा विरळ असेल, तर मोठ्या भोकाची पिल बसवतात. मिथेनॉल काजळी फारशी धरत नसल्याने स्पार्क प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखणे अवघड जाते. जाणकार मेकॅनिक प्लगच्या बाहेरच्या इलेक्ट्रोडवर उष्णतेची खूण कुठवर चढली आहे, ते पाहतो. थंड इंजिनात मिथेनॉलची पुरेशी वाफ होत नाही, म्हणून सुरू करताना इंजेक्टरच्या तोंडात बाटलीने थोडे पेट्रोल मारण्याची पद्धत आहे.

या इंधनाची जोखीम मोठी आहे. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पेटलेला माणूस शेजारच्याच्या लक्षातही येत नाही. ते पाण्यात मिसळत असल्याने भरपूर पाण्याने आग विझते, ही त्यातली जमेची बाजू. पोटात गेल्यास त्याचे फॉर्मिक आम्ल बनून दृष्टी जाते व मृत्यूही येतो. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या विषारी दारूत हेच रसायन होते.

मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमचे भाग खाते. म्हणून उघडा राहिलेला डबा वापरत नाहीत, पिस्टनच्या रिंगांवरून खाली झिरपणाऱ्या इंधनाने इंजिनातले तेल दुधाळ होत असल्याने ते वारंवार बदलतात आणि गाडी काही दिवस उभी राहणार असेल, तर पंप व नळ्या रिकाम्या करून इंजिन थोडा वेळ पेट्रोलवर चालवतात.