संरक्षण आणि व्यवस्थापन: नान्नजच्या माळावर दोन्हींची गल्लत कशी होते

सोलापूरहून बार्शीकडे निघालं की नान्नजचा माळ लागतो. या माळाबद्दल दोन मतं हमखास ऐकायला मिळतात. एक असं, की माणसं आणि गुरं बाहेर काढा, माळ आपोआप सुधारेल. दुसरं असं, की एवढं मोठं अभयारण्य करूनही माळढोक पक्षी काही वाढला नाही, तेव्हा सगळं फुकट गेलं. दोन्हींच्या मुळाशी घोटाळा एकच आहे. वन्यजीवांचं संरक्षण आणि वन्यजीवांचं व्यवस्थापन ही दोन कामं एकच समजली जातात.

संरक्षण म्हणजे नुकसान करणाऱ्याला अडवणं. शिकार, अंड्यांची चोरी, झाडतोड, अतिक्रमण यांना कायदा, गस्त, पंचनामा आणि खटला ही उत्तरं आहेत. व्यवस्थापन म्हणजे जागेचा हेतू आधी ठरवायचा आणि त्यासाठी माळावर प्रत्यक्ष काहीतरी करायचं: गवत कुठे, किती आणि कधी कापायचं, गुरं कोणत्या महिन्यात आत सोडायची, कोणतं झाड काढायचं, पाणवठा करायचा की मुद्दाम टाळायचा, प्राणी मोजायचे कसे. संवर्धन हे या दोन्हींनी मिळून साधायचं असतं. पहिलं काम बहुतेक वेळा "करू नका" असं सांगतं, दुसरं "हे करा" असं. माळावर अडचण येते ती याच ठिकाणी, कारण "करू नका" हे लिहून काढायला सोपं आणि तपासायलाही सोपं असतं.

संरक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अभयवनांचा, म्हणजे जिथे प्राण्यांना मारायला बंदी होती अशा वनांचा, उल्लेख आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात कोणते प्राणी मारायचे नाहीत याची यादीच कोरलेली आहे. इंग्रजांच्या काळात १८७९ मध्ये हत्तींसाठी कायदा आला आणि १९१२ मध्ये पशुपक्ष्यांसाठी. पण १९१२ च्या कायद्याचा भर शिकारीचे बंद हंगाम ठरवण्यावर होता. पुढच्या वर्षी मारायला जनावर उरावं, एवढाच त्यामागचा हिशेब. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा कायदा केला, १९५२ मध्ये केंद्राचं वन्यजीव मंडळ स्थापन झालं, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प. परवाना घेऊन शिकार करण्याची वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली.

व्यवस्थापनाला शास्त्राचं रूप मिळालं ते बरंच उशिरा, आणि तेही अमेरिकेत. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ मध्ये या विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा आजही खडबडून जागं करणारा आहे: कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक या पाच गोष्टींनी वन्यजीव संपवले, आणि विचारपूर्वक वापरल्या तर याच पाच गोष्टी त्यांना परत आणू शकतात. भारताने बंदूक बाजूला ठेवली, ते बरंच झालं. पण उरलेल्या चारही गोष्टींना आपण संरक्षित क्षेत्रात दीर्घकाळ केवळ शत्रू मानलं. गवताळ माळाला ते महागात पडलं.

१९७२ च्या कायद्यात नेमकं काय लिहिलंय हेही पाहावं, कारण "अभयारण्य म्हणजे सगळं बंद" ही समजूत चुकीची आहे. अभयारण्यात कलम २९ नुसार परवानगीशिवाय अधिवास नष्ट करता येत नाही. मात्र कलम ३३ खाली मुख्य वन्यजीव रक्षक चराईचं नियमन करू शकतात, आणि अशी परवानगी मिळालेली चराई कलम २९ चा भंग ठरत नाही. राष्ट्रीय उद्यानात हा मार्ग नाही. तिथे कलम ३५ नुसार गुरांना चराईची मुभाच नाही. म्हणजे नान्नजला जे नियोजन कायद्यात बसतं, ते एखाद्या राष्ट्रीय उद्यानात बसणार नाही. माळढोक आणि काळवीट दोन्ही अनुसूची १ मध्ये, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. अशा प्राण्याची शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे तुरुंगवास, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड.

आता नुसत्या संरक्षणाने काय होतं, ते तीन ठिकाणी पाहू.

राजस्थानातल्या भरतपूरला १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढच्या वर्षी म्हशींची चराई बंद झाली. विरोधात उसळलेल्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं गेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे दीर्घ अभ्यास केला. म्हशी जे पाणगवत खात होत्या ते माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली, असं त्यातून दिसलं. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा द्यावी लागली. म्हैस हटवणं हे संरक्षण झालं. म्हैस जे काम फुकट करत होती ते आता कोण करणार, हा प्रश्न व्यवस्थापनाचा होता आणि तो आधी कुणी विचारलाच नाही.

मध्य प्रदेशातल्या करेरा इथे १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. आत खासगी जमिनी होत्या. संरक्षणामुळे काळवीट वाढले, पिकं खाऊ लागले, आणि शेतकऱ्यांचा राग काळविटांवरून माळढोकावर वळला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथला माळढोक संपला.

तिसरं उदाहरण आपल्या शेजारचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० चं आहे आणि त्याचं क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. काळवीट तिथे टिकले, हे यश खरंच. पण एवढ्या जागेत कळप वाढला की तो शेजारच्या शेतात उतरणारच. किती गवतावर किती जनावरं पोसली जाऊ शकतात, याला धारणक्षमता म्हणतात. कुंपण किंवा अधिसूचना ती वाढवू शकत नाही.

सोलापूरला चूक उलट्या टोकाची झाली. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचं क्षेत्र सोलापूर आणि अहिल्यानगर मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, बागायती शेतं, रस्ते, बाजारपेठा सगळं आलं. अभयारण्याची अधिसूचना निघाली की कलम २० नुसार वारसाहक्क सोडून जमिनीवर नवे हक्क निर्माण होत नाहीत. म्हणजे माळढोक कधी फिरकलाही नसेल अशा गावातल्या माणसाचा जमिनीचा व्यवहार त्या पक्ष्याच्या नावाने अडकायचा. पुढे क्षेत्र कमी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर राहिलं, पण मधल्या वर्षांत जी कटुता साचली ती नकाशा बदलून जात नाही. कागदावरचं क्षेत्र मोठं असलं म्हणजे संरक्षण मजबूत, हा समज इथे पुरता उघडा पडला.

त्यातही एक गोष्ट आधीच बरी घडली होती. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नज परिसरात वन खात्याने काही तुकडे राखले, चराई थांबवली आणि गवत उठलं. माळढोकाला त्याचा फायदा झाला. उघड्या बोडक्या माळावर पहिली काही वर्षं बंदी हे औषध लागू पडतं. फक्त ते कायम चालू ठेवता येत नाही. मारवेल, पवना, कुसळी ही गवतं पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुरमाड जमिनीवर वाढतात. ती कापलीच नाहीत, चरलीच नाहीत, तर वाळलेली धाटं साठत जातात, नवा कोंब दबतो, आणि फेब्रुवारीत एक ठिणगी पुरते.

माळढोकाला एकसारखं गवत नको असतं, हा इथला कळीचा मुद्दा. नराला थुईथुई नाचून मादीला दिसायचं असतं. त्याला आखूड, विरळ गवताची उंचवट्याची जागा लागते. मादीला अंड्यावर बसायला थोडं उंच गवत हवं, पण मान वर केली की चौफेर दिसलं पाहिजे. पिल्लाला नाकतोडे आणि किडे लागतात. एकाच माळावर आखूड, मध्यम आणि उंच असे तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे, तर साधी पद्धत अशी: माळाचे तीन भाग करायचे, दर वर्षी एकाच भागात पावसाळा संपून बी झडल्यावर कापणी किंवा मोजकी चराई करायची, पुढच्या वर्षी दुसरा भाग घ्यायचा. पावसाळ्यात, म्हणजे दख्खनवरच्या विणीच्या काळात, गुरं, मेंढरं आणि कुत्री पूर्ण बाहेर. अंडं उघड्या जमिनीवर असतं आणि बहुधा एकच. मेंढरांचा एक कळप आणि मागून येणारं एक कुत्रं, एवढ्याने वर्षाची वीण जाते. बी झडण्याआधी कापणी केली तर चांगली गवतं मागे पडतात आणि जनावरं तोंड लावत नाहीत असं तण पुढे सरकतं. ही चूक सर्रास होते, कारण हिरव्या गवताला भाव चांगला मिळतो.

आगीचंही तसंच. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, १५ फेब्रुवारीच्या आत पूर्ण झाल्या पाहिजेत, कारण तिथून वणव्याचा हंगाम धरला जातो. साधारण ६ ते १२ मीटर रुंदीचा पट्टा आधी कापायचा, गवत वाळू द्यायचं आणि वारा पडलेला असताना माणसं उभी करून जाळायचं. कापलेलं गवत पट्ट्याच्या कडेला ढीग करून सोडलं, तर ती जाळरेषा राहत नाही, सरपणाची ओळ होते.

झाडांच्या बाबतीत बहुतेकांना पटवणं अवघड जातं. झाड लावणं म्हणजे निसर्गाचं भलं, हे इतकं डोक्यात बसलंय की माळाला "पडीक" म्हणून तिथे ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. माळढोक, धाविक, चंडोल हे उघड्यावरचे पक्षी. झाडं आली की शिकारी पक्ष्यांना बसायला फांदी मिळते, माळढोकाची नजर अडते आणि सावलीत माळाचं गवत खुरटतं. म्हणून इथे वृक्षारोपण हे संवर्धन नाही, आणि झाडं काढणं ही तोड नाही. वेडी बाभूळ नुसती छाटली तर वर्षात दुप्पट फांद्या घेऊन उठते, कारण तिचे कोंब बुंध्याखाली जमिनीत असतात. वीतभर खणून बुंधा मुळासकट उपटावा लागतो, आणि पुढची किमान दोन-तीन वर्षं पावसानंतर रोपं उपटत फिरावं लागतं. ज्या शेळ्यामेंढ्या शेंगा खाऊन येतात, त्यांच्या लेंड्यांतून बी परत येतं, तेव्हा चराईचे दिवस ठरवताना तेही पाहायचं.

मग नान्नजला इतकं करून माळढोक का वाढला नाही? कारण त्याला मर्यादा घालणारा घटक माळाच्या बाहेर आहे. समजा दहा माद्या आहेत. वर्षाला दहा अंडी. त्यातली चार उबली आणि दोन पिल्लं मोठी झाली, तर एक मादी धरा. आता वर्षाला एक प्रौढ मादी विजेच्या तारेला धडकून मेली, तर माळावर कितीही उत्तम गवत असलं तरी संख्या जागची हलत नाही. माळढोकाचे डोळे बाजूला असतात, समोरचं कमी दिसतं, आणि नराचं वजन १५ किलोपर्यंत जातं. तार जवळ आल्यावर त्याला वळताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखाली नेण्याबद्दल आदेश दिला तो याचमुळे. राजस्थानात २०१९ पासून बंदिस्त प्रजननही सुरू झालं. पिंजऱ्यात पिल्लं वाढवणं हा व्यवस्थापनाचा शेवटचा उपाय, आणि ती सोडायला माळ तयार नसेल तर तोही अर्धाच.

मोजणीबद्दल थोडं, कारण मोजल्याशिवाय व्यवस्थापन म्हणजे नुसता अंदाज. बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची गणना लोकांना जंगलाशी जोडते, तेवढ्यासाठी ती चांगली. संख्या काढायला ती चालत नाही. तेच जनावर दोनदा येतं, काही येतच नाहीत. काळविटांसाठी रेषाछेद वापरावा. साधारण २ किलोमीटरची सरळ रेषा रस्त्यावरून न नेता आधी नकाशावर आखायची, सूर्योदयानंतर पहिल्या दोन-तीन तासांत सावकाश चालायचं, आणि कळप दिसला की त्याची संख्या, अंतर आणि रेषेशी होणारा कोन लिहायचा. कळप १०० मीटरवर ३० अंशांत दिसला, तर रेषेपासून त्याचं लंबांतर ५० मीटर. पळून थांबल्यानंतरची जागा लिहिली की आकडा बिघडतो. आपल्याला पाहून हलायच्या आधी तो जिथे होता, तीच जागा धरायची. भरवशाच्या हिशेबाला अशा किमान ६० ते ८० नोंदी लागतात. माळढोकाच्या तेवढ्या नोंदी होणारच नाहीत. त्याच्यासाठी परिसराचे चौकोन पाडून सगळ्या पथकांनी एकाच वेळी शोध घेणं हाच मार्ग.

राहता राहिला शेतकरी. काळवीट अनुसूची १ मध्ये असल्याने, ते ज्वारी किंवा हरभरा खातात एवढ्यावरून मारण्याची परवानगी कलम ११ देत नाही. त्या अनुसूचीसाठी अट आहे ती माणसाच्या जिवाला धोका, किंवा त्या प्राण्यालाच बरं न होणारी इजा वा आजार. उभ्या पिकाचं कारण फक्त अनुसूची २ मधल्या प्राण्यांना लागू होतं, आणि रानडुक्कर त्यात येतं. म्हणून काळविटांच्या बाबतीत भरपाई वेळेवर पोहोचणं हाच व्यवस्थापनाचा भाग आहे. नुकसान दिसलं की ३ दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्यावा, सातबाऱ्याचा उतारा जोडावा, खुरांचे ठसे आणि खाल्लेली कणसं यांचे तारखेसह फोटो ठेवावेत आणि पंचनामा होईपर्यंत त्या पट्ट्यात नांगर घालू नये. कार्यालयात कुणी भेटलं नाही तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा.