पू म्हणजे नासलेले रक्त नव्हे

मे महिना आला, घरात आंब्याची पेटी उघडली गेली आणि पाठोपाठ कोणाच्या मानेवर किंवा मांडीवर करट उठले, की त्याचे निदान करायला डॉक्टरांची गरज कोणालाच वाटत नाही. 'आंबे जास्त झाले, अंगात उष्णता वाढली, रक्त बिघडले' हे उत्तर ठरलेले असते, आणि मग औषधाच्या दुकानातून 'रक्तशुद्धी'ची बाटली येते. करट पिकून फुटले आणि पिवळसर हिरवा पू वाहून गेला की 'घाण रक्त निघून गेले' असे समाधानही मिळते. या समजुतीत दोन चुका आहेत. करट होते ते केसाच्या मुळाशी शिरलेल्या जिवाणूंमुळे, आणि हा जिवाणू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. निरोगी माणसांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या नाकपुड्यांत तो एरवीही कसलाही उपद्रव न देता राहतो. घाम आणि घर्षण यांमुळे त्वचेला सूक्ष्म इजा झाली की त्याला आत शिरायला वाट मिळते. दुसरी चूक पुवाविषयीची आहे आणि ती अधिक खोल आहे, कारण ज्याला आपण घाण म्हणतो तो पू मुख्यतः आपल्याच पेशींचा, लढून मेलेल्या पेशींचा बनलेला असतो.

पुवाचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर हे डोळ्यांनी दिसते. सगळे क्षेत्र एकाच प्रकारच्या गोल पेशींनी भरलेले असते, आणि प्रत्येकीचे केंद्रक एकसंध नसून बारीक धाग्यांनी जोडलेल्या तीन ते पाच तुकड्यांचे असते. काही पेशींच्या पोटात द्राक्षांच्या घोसासारखे जांभळे ठिपके दिसतात. ते गिळलेले जिवाणू. या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक पेशी सहसा याच असतात. प्रौढ माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते आणि त्या थोड्याच काळात मरतात, कारण त्यांच्या आत जी रसायने भरलेली असतात ती घेऊन कोणतीही पेशी शरीरात फार काळ वावरणे धोक्याचे असते.

पेशी जिवाणूंना गिळतात ही गोष्ट आज शाळेतला मुलगाही सांगतो, परंतु १८८२ मध्ये ती कोणाला माहीत नव्हती. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ त्या वर्षी सिसिलीतील मेसिना येथे समुद्री जिवांचा अभ्यास करीत होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचा काटा टोचून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर अळीतील फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या होत्या. त्या अळीला रक्तवाहिन्या नव्हत्या; तरीही बाहेरची वस्तू आत शिरल्याचे तिच्या पेशींना कळले होते. भक्षकपेशींची कल्पना येथून निघाली आणि १९०८ मध्ये मेचनिकॉफ यांना पाउल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

'कळले' म्हणजे नेमके काय झाले, या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र आणखी शंभर वर्षे गेली. आपल्या उपजत प्रतिकारयंत्रणेतील पेशींना प्रत्येक जिवाणूची स्वतंत्र ओळख नसते. जिवाणूंना ज्यांच्याशिवाय जगताच येत नाही आणि आपल्या पेशींत जे नसतात, असे मोजके घटक त्या ओळखतात: जिवाणूच्या भिंतीचे तुकडे, त्याच्या बाह्यपटलातील विशिष्ट मेद, त्याच्या शेपटीतील प्रथिने. असे घटक ओळखणारे ग्राही, म्हणजे पेशींवरील खास रेणू, असलेच पाहिजेत हे अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये तर्काने मांडले. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत 'टोल' नावाचे जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीपुढे हतबल ठरतात असे दिसले, पुढच्याच वर्षी माणसातील तसे जनुक सापडले, आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी जिवाणूंच्या बाह्यपटलातील मेद ओळखणारा ग्राही याच कुळातला असल्याचे दाखवले. त्वचेखाली कायम मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज या भक्षकपेशी अशा ग्राहींच्या साहाय्याने पहिली चाहूल घेतात आणि रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे आसपासच्या केशवाहिन्या रुंदावतात, जागा लाल आणि गरम होते. ज्याला घरात 'उष्णता' म्हणतात ती ही.

रक्तातून वाहत चाललेल्या न्यूट्रोफिलला या ठिकाणी वाहिनीची आतली भिंत किंचित चिकट झालेली लागते. ती भिंतीवर गडगडत मंदावते, घट्ट चिकटते आणि दोन पेशींच्या सांध्यातून स्वतःला चेपून बाहेर पडते. पुढची दिशा तिला वासासारखी मिळते. जिवाणू आपल्या प्रत्येक प्रथिनाची सुरुवात फॉर्मिल गट जोडलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाने करतात. आपल्या पेशींत, मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील ऊर्जाकेंद्रांचा अपवाद सोडला तर, असे होत नाही. त्यामुळे फॉर्मिल गटाचा तुकडा जिकडे अधिक, तिकडे जिवाणू, असा हिशेब न्यूट्रोफिलला पुरतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डेव्हिड रॉजर्स यांनी १९५० च्या दशकात सूक्ष्मदर्शकातून चित्रित केलेली एक छोटी चित्रफीत आजही वर्गांत दाखवली जाते: तांबड्या पेशींच्या गर्दीतून एक न्यूट्रोफिल एका जिवाणूच्या मागे लागतो, जिवाणू वळला की तोही वळतो, आणि शेवटी त्याला गाठून पोटात घेतो. ज्याने ती पाहिली नसेल त्याने अवश्य पाहावी.

येथवरचा भाग बहुतेक पुस्तकांत येतो आणि 'गिळून नष्ट करतो' या तीन शब्दांनी संपतो. खरे नवल त्या 'नष्ट करतो'मध्ये आहे, म्हणून तेथे थोडे थांबावे लागेल. गिळलेला जिवाणू लगेच मरत नाही. तो पेशीपटलापासूनच बनलेल्या एका बंद पिशवीत, म्हणजे फॅगोसोममध्ये, जिवंत असतो. १९३३ मध्ये बाल्ड्रिज आणि जेरार्ड या दोन संशोधकांच्या लक्षात आले की कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींना जिवाणू दिले की त्यांचा ऑक्सिजनचा वापर एकदम वाढतो. गिळण्याच्या कामाला ऊर्जा लागत असेल, म्हणून श्वसन वाढत असेल, असे कोणालाही वाटावे. पण १९५९ मध्ये स्बारा आणि कार्नोव्हस्की यांनी दाखवले की गिळण्यासाठी लागणारी ऊर्जा ऑक्सिजन न वापरताही, साखरेच्या विघटनातून मिळते. शिवाय हा वाढलेला वापर सायनाइडनेही थांबत नाही. पेशीचे नेहमीचे श्वसन सायनाइडने बंद पडते. म्हणजे हा ऑक्सिजन श्वसनासाठी नव्हताच. तो कशासाठी होता, हे १९७३ मध्ये बर्नार्ड बेबियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले: न्यूट्रोफिल त्यापासून सुपरऑक्साइड, म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजनचा रेणू, बनवत होते.

हे काम करणाऱ्या यंत्राचे नाव एनएडीपीएच ऑक्सिडेज. त्याचे दोन भाग पटलात रुतलेले असतात आणि उरलेले भाग पेशीद्रवात वेगळे तरंगत असतात. जिवाणू पिशवीत बंद झाल्याचा संकेत मिळाला की पेशीद्रवातील भागांना फॉस्फेट गट जोडले जातात, त्यांची घडी उलगडते आणि ते पटलाशी येऊन जुळतात. जुळणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. चालू झाल्यावर ते पेशीद्रवातील एनएडीपीएच या रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन घेते, पटलाच्या आतून, प्रथम फ्लेव्हिन आणि मग एकापाठोपाठ एक असलेल्या दोन हीम गटांवरून, पलीकडे नेते आणि पिशवीतील ऑक्सिजनच्या रेणूंना एकेक करून देते. प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे सुपरऑक्साइडचा एक रेणू तयार होतो.

आता एक अडचण उभी राहते. इलेक्ट्रॉन ऋणभारित असल्यामुळे ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात राहिले तर पटलावर विद्युतदाब साठत जातो आणि तो पुढच्या इलेक्ट्रॉनला अडवतो. यंत्र क्षणार्धात ठप्प व्हायला हवे. ते होत नाही, कारण त्याच पटलात प्रोटॉनसाठी एक वाहिनी असते आणि ती नेमकी अशा विद्युतदाबाने उघडते. ऋणभारापाठोपाठ धनभारही पिशवीत जातो आणि हिशेब जुळतो. आत गेलेले प्रोटॉन वापरले जातात, कारण सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड होताना त्यांची गरज असते. पटलाच्या एवढ्याशा जागेत विद्युतशास्त्र आणि रसायनशास्त्र एकमेकांचा तोल असा सांभाळतात, हे मला संपूर्ण शरीरशास्त्रातील सर्वांत सुंदर उदाहरणांपैकी एक वाटते. यातून निर्माण झालेली रसायने जिवाणूंना स्वतः मारतात, की पिशवीतील क्षार आणि आम्लता बदलून तेथे ओतल्या गेलेल्या पाचक एन्झाइमांना कामाला लावतात, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. दोन्ही घडत असावे असे मानायला जागा आहे.

पुढची पायरी मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमची. न्यूट्रोफिलच्या कणिकांत, म्हणजे पेशीतील रसायनांच्या सूक्ष्म साठ्यांत, ते प्रचंड प्रमाणात असते आणि त्याचा रंग हिरवा असतो. पुवाला येणारी हिरवट झाक बऱ्याच अंशी याच्यामुळे येते. ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साध्या मिठातील क्लोराइड यांच्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवते. ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकते तेव्हा पाण्यातील जंतू मारणारे रसायन हेच असते.

या यंत्राचे महत्त्व ते बिघडल्यावर कळते. १९५० च्या दशकात डॉक्टरांना काही लहान मुले अशी आढळली की ज्यांना यकृतात, फुप्फुसांत आणि लसीकाग्रंथींत पुन्हा पुन्हा गळवे होत. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर होत्या, प्रतिपिंडेही भरपूर होती. १९६७ मध्ये पॉल क्वी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या मुलांचे न्यूट्रोफिल जिवाणू व्यवस्थित गिळतात, पण मारत नाहीत. ऑक्सिडेजचा एखादा भाग जन्मतः सदोष असणे हे त्याचे कारण. या विकाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात आणि त्याचे प्रमुख जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो मुलग्यांत अधिक आढळतो. तपासणी सोपी होती: पिवळसर रंगद्रव्यात पेशी ठेवून त्यांना चेतवायचे, निरोगी न्यूट्रोफिल निळेजांभळे होतात, या मुलांचे होत नाहीत. आता त्याऐवजी चमकणारे रंगद्रव्य वापरतात. जन्मतः दिलेल्या बीसीजी लशीनंतर काखेतील गाठ फार मोठी होऊन वाहू लागणे, हे आपल्याकडे अशा बाळांतील पहिले लक्षण असू शकते. याउलट ज्यांच्यात केवळ मायलोपेरॉक्सिडेज नसते अशी माणसे काही हजारांत एखादी असतात आणि त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. शरीराने एकाच शस्त्रावर भिस्त ठेवलेली नाही, हे यावरून दिसते.

अशा यंत्रणेला 'बूस्ट' करण्याची भाषा कोविडनंतर फार वाढली आहे आणि ती दिशाभूल करणारी आहे. ऑक्सिडेजचे भाग एरवी वेगळे ठेवलेले असतात ते उगाच नव्हे. ही रसायने पिशवीबाहेर सांडली तर आपल्याच ऊती जाळतात, आणि तीव्र न्यूमोनियात फुप्फुसांची हानी होण्यात न्यूट्रोफिलांचाही वाटा असतो. कोणत्या काढ्याने कोणत्या पेशीचे कोणते काम किती वाढते, हे जो सांगू शकत नाही त्याने बाटलीवर 'प्रतिकारशक्ती वाढवते' असे लिहू नये. वारंवार करटे होणाऱ्या माणसाने रक्तशुद्धीपेक्षा रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण अनियंत्रित मधुमेहात न्यूट्रोफिलांचे काम मंदावते. आंबा त्यात दोषी नाही. आणि करट पिळू तर नयेच, कारण त्याभोवती शरीराने उभारलेली भिंत फुटून जिवाणू आजूबाजूला पसरतात.

जिवाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. मेचनिकॉफ यांचे ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईत आले, तेथे त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. ज्या जिवाणूशी ते झुंजत होते त्याची युक्ती मात्र शंभर वर्षांनी कळली. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या थंड शरीरात असताना त्याच्या बाह्यपटलातील मेदाला सहा शेपट्या असतात आणि आपला ग्राही तो मेद सहज ओळखतो. माणसाच्या ३७ अंश तापमानात येताच जिवाणू चारच शेपट्यांचा मेद बनवू लागतो, जो ग्राहीला जवळजवळ दिसत नाही. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी ३७ अंशांनाही सहा शेपट्या बनवणारा प्लेगचा जिवाणू तयार केला, तेव्हा तो उंदरांना मारण्यास असमर्थ ठरला. जिवाणू तोच, बाकीची सारी हत्यारे तीच. फरक एवढाच की त्याची चाहूल वेळेवर लागली.

पू न होणे हे नेहमीच चांगले लक्षण नसते, हे कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर रोज पाहतात. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिलांची संख्या एका मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेली की संसर्ग असूनही जखम लाल होत नाही, पू धरत नाही, छातीच्या एक्सरेतही फारसे काही उमटत नाही. ताप हे एकच चिन्ह उरते. म्हणून अशा रुग्णाला ताप आला तर कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्त घेऊन, पण त्याच्या अहवालाची वाट न पाहता, तासाभरात प्रतिजैविके सुरू करतात. अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल बनवायला लावणारे फिलग्रास्टिम नावाचे इंजेक्शनही काही रुग्णांना देतात, आणि संख्या वाढली की नाही हे साध्या सीबीसी तपासणीत आकड्यानिशी कळते. आकडा वर चढू लागल्यावर आतापर्यंत शांत दिसणाऱ्या जागी लाली आणि सूज येऊ शकते, आणि ती पाहून नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये म्हणून याची कल्पना त्यांना आधीच दिलेली बरी.