तोआफ, एलिओ

(३० एप्रिल १९१५ – १९ एप्रिल २०१५). रोम शहराचे मुख्य रब्बी. १९५१ पासून २००१ पर्यंत पन्नास वर्षे ते या पदावर होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, दिलेल्या भेटीमुळे त्यांचे नाव जगभर झाले. रोममधल्या ज्यूंना मात्र त्याआधीची पस्तीस वर्षे अधिक आठवतात.

रब्बी म्हणजे ज्यूंचा पुजारी, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही. रब्बी हा धर्मशास्त्र शिकलेला गुरू. रोमचे ज्यू त्याला ‘मोरे’, म्हणजे गुरुजी, अशीच हाक मारतात. दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना रब्बीवाचूनही होते. कोकणातल्या बेने इस्रायलींचे, म्हणजे तिथल्या मराठी ज्यूंचे, कित्येक पिढ्या असेच चालले होते. प्रार्थना हझान म्हणत, तंटे काजी मिटवत, आणि गावात रब्बी नाही म्हणून ‘शनवार तेल्यां’चा (शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना हे नाव) शनिवार कधी चुकला नाही. शहराच्या मुख्य रब्बीचे काम वेगळे असते. लग्ने लावणे, काडीमोडाचे धार्मिक दस्त करवून घेणे, रब्बींच्या न्यायपीठावर बसणे, कोशेर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे खाण्यायोग्य, मांसाच्या दुकानांवर लक्ष ठेवणे, मुलांच्या धर्मशिक्षणाची सोय पाहणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे आणि मयताला उभे राहणे, हे सगळे त्याच्याकडे येते. इटलीत साऱ्या देशाचा एक मुख्य रब्बी नसतो, प्रत्येक शहराचे ज्यू मंडळ आपापला रब्बी नेमते. तरी रोमच्या रब्बीच्या शब्दाला देशभर वजन असते, कारण त्याच्या सिनेगॉगपासून पोपचे घर चालत अर्ध्या तासावर आहे.

हे शेजारपण फार जुने आणि फार कडवट. रोममध्ये ज्यूंची वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी, म्हणजे तिथल्या पोपच्या गादीपेक्षाही आधीची. १५५५ मध्ये पोप चौथे पॉल यांनी त्यांना टायबर नदीकाठच्या भिंतीआड, घेट्टोत कोंडले. पूर आला की पाणी आधी तिथे शिरे. धर्मांतरासाठी दिली जाणारी प्रवचने त्यांना सक्तीने ऐकावी लागत. १८७० मध्ये पोपची सत्ता गेली तेव्हा घेट्टो संपला. त्याच जागी १९०४ मध्ये मोठे सिनेगॉग उभे राहिले. त्याचा घुमट मुद्दाम चौकोनी ठेवला आहे. चर्चच्या गोल घुमटांच्या गर्दीत तो लांबूनही ओळखू येतो.

तोआफांचा जन्म लिव्होर्नो या बंदराच्या शहरातला. वडील आल्फ्रेदो साबातो तोआफ तिथले मुख्य रब्बी. मुलाने धर्मशास्त्राबरोबर पिसा विद्यापीठात कायद्याचाही अभ्यास केला आणि १९३८ मध्ये पदवी घेतली. त्याच वर्षी मुसोलिनीच्या सरकारने ज्यूविरोधी वांशिक कायदे आणले. १९४१ मध्ये ते आंकोना शहराचे रब्बी झाले. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इटलीचा ताबा घेतल्यावर एका कॅथलिक पाद्र्याने त्यांना धोक्याची सूचना दिली. तोआफांनी योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या सर्वांत पवित्र उपवासाच्या दिवशी सिनेगॉग बंद ठेवले आणि लोकांना लपायला सांगितले. धर्मगुरूने प्रार्थनेच्या दिवशी प्रार्थनाघराला कुलूप घालावे, हा निर्णय सोपा नव्हता. पण जीव वाचवण्यासाठी बहुतेक सारे नियम मोडता येतात, हेही त्याच धर्मशास्त्रात आहे. पुढे ते बायको आणि लहान मुलाला घेऊन तोस्कानातल्या डोंगराळ भागात लपले, प्रतिकार चळवळीत सामील झाले. १२ ऑगस्ट १९४४ रोजी सांतान्ना दी स्ताझेमा गावात नाझींच्या एसएस दलाच्या सैनिकांनी शेकडो गावकऱ्यांची कत्तल केली. त्यानंतरचे गाव त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. युद्धानंतर काही वर्षे ते व्हेनिसचे मुख्य रब्बी होते.

१९५१ मध्ये ते रोमला आले तेव्हा समाज खचलेला होता. १६ ऑक्टोबर १९४३ च्या शनिवारी पहाटे जर्मनांनी धरपकड करून हजाराहून अधिक ज्यू आउश्विट्झच्या मृत्युछावणीत पाठवले होते. त्यांतले सोळा परतले. फेब्रुवारी १९४५ मध्ये तर रोमचे पूर्वीचे मुख्य रब्बी इस्राएल झोल्ली कॅथलिक झाले आणि त्यांनी एउजेनिओ हे पोप बारावे पायस यांचे मूळ नाव घेतले. आपला गुरूच उठून नदीपलीकडे, पोपच्या बाजूला गेला, ही ठसठस लोकांच्या मनात होती. मधल्या काळात दाविद प्रातो यांनी घडी बसवायला घेतली. त्यांच्यामागून तोआफ आले आणि राहिले. या राहण्याचे मोल त्यांच्या गाजलेल्या भेटींपेक्षा जास्त आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. इटलीतल्या रब्बींच्या विद्यापीठाची धुरा त्यांनी वाहिली. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर लिबियातून हजारो ज्यू जवळजवळ रिकाम्या हाताने इटलीत आले. त्यांची बोली, चालीरीती, प्रार्थनेचा पाठ सगळे वेगळे. रोमचा पाठ तर अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातल्या ज्यूंचा) नाही आणि सेफार्डी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंचा) नाही, त्याची परंपरा स्वतंत्र. या नव्या मंडळींना समाजात सामावून घेणे हेही त्यांच्याच कारकिर्दीतले काम.

नदीपलीकडचे वारेही बदलत होते. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत ज्यूंसाठी असलेला ‘दगाबाज’ अशा अर्थाचा शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढला. जून १९६३ मध्ये हे पोप मरणशय्येवर असताना तोआफ काही ज्यूंना घेऊन सेंट पीटर चौकात प्रार्थनेला गेले.

९ ऑक्टोबर १९८२ रोजी, सणाच्या शनिवारी, लोक सिनेगॉगमधून बाहेर पडत असताना पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी हातबाँब फेकले व गोळीबार केला. स्तेफानो गाय ताशे हे दोन वर्षांचे मूल ठार झाले, ३७ जण जखमी झाले. याच सिनेगॉगच्या पायऱ्यांवर साडेतीन वर्षांनी, १३ एप्रिल १९८६ रोजी, तोआफांनी पोप दुसरे जॉन पॉल यांना मिठी मारली. इतिहासाला ठाऊक असलेली पोपची ही सिनेगॉगला पहिलीच अधिकृत भेट. ‘तुम्ही आमचे लाडके भाऊ, एका अर्थी थोरले भाऊ,’ असे पोप म्हणाले. (बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात थोरल्या भावाच्या वाट्याला सहसा काही चांगले येत नाही; धाकट्या याकोबाकडे थोरलेपणाचा हक्क गमावलेल्या एसावाला विचारावे.) तोआफांनी त्या दिवशी नुसते आदरातिथ्य केले नाही. व्हॅटिकनने इस्रायलला मान्यता द्यावी, हा विषयही त्यांनी काढला. ती पुढे १९९३ अखेरच्या कराराने मिळाली. १९८७ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मकथनाच्या नावात ‘दगाबाज ज्यू’ आणि ‘थोरले भाऊ’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत.

दुसऱ्या जॉन पॉल यांच्या मृत्युपत्रात ‘रोमच्या रब्बीं’ची आठवण काढलेली आहे. २००१ मध्ये तोआफांनी निवृत्ती जाहीर केली आणि व्यवसायाने डॉक्टर असलेले रिक्कार्दो दी सेन्यी त्यांच्या जागी आले. शंभरी अकरा दिवसांवर असताना तोआफ रोममध्ये वारले. दफन लिव्होर्नोला झाले.